तोंडपाटलाची मुलाखत

गावात त्याला तोंडपाटील म्हणत. हे नाव वडिलांनीच ठेवले होते आणि प्रत्येक हाकेबरोबर एक थोबाडीत मिळे. उलट बोलायचे नाही, हा घरचा नियम होता. आणि बोलल्यावाचून त्याला राहवत नसे. शहरात आल्यावर मात्र त्याच तोंडावर त्याचे पोट भरू लागले.

संगणकाच्या कंपन्या तेव्हा कुत्र्याच्या छत्र्यांसारख्या उगवत होत्या. त्यांना माणसे हवी होती, माणसांना नोकऱ्या हव्या होत्या. फक्त काम येत नव्हते. या फटीत सरांचा क्लास उभा होता, टायरच्या दुकानावरच्या दोन खोल्यांत. ऑनलाइन मुलाखतीत उमेदवार कॅमेऱ्यासमोर नुसते ओठ हलवी आणि तोंडपाटील पडद्याआड बसून माईकवर उत्तरे देई. ओठ आणि आवाज यांचा मेळ चुकू लागला की उमेदवाराने विचारात पडल्यासारखा हात तोंडावर न्यायचा, ही युक्तीही त्याचीच. एकदा ऐन मुलाखतीत एका उमेदवाराला हसू फुटले. सरांनी संगणक बंद केला आणि त्याचे डोके टेबलावर आपटले, दोनदा, शिक्का मारावा तितक्या शांतपणे. रक्त पुसायचे काम तोंडपाटलाकडे आले. त्याने ते पुसले आणि पुढच्या उमेदवाराची मुलाखत दिली.

त्याच्या आवाजावर साठेक जण नोकरीला लागले. तो स्वतः बेकार होता, कारण पदवीचा एक विषय अकरा वर्षे राहून गेला होता. शिवणकाम करणाऱ्या थोरल्या बहिणीने, ताईने, खनपटीला बसून तो विषय सोडवून घेतला. मग त्याने गुपचूप स्वतःच्या नावाने अर्ज केला. बोलावणे आले, पण त्याचे मेल क्लासच्या संगणकावर उघडे राहिले होते. सरांनी ते वाचले.

"मोठा झालास रे," ते म्हणाले. "त्या कंपनीत तू पाच जणांच्या नावाने पास झालायस. आता स्वतःच्या थोबाडाने गेलास की आवाज ओळखणार. पोरं घरी बसतील आणि मी आत."

"मग जन्मभर पडद्याआडच बसू का, सर?"

"बस की. तिथे कुणी मारत नाही."

एवढे सांगून त्यांनी मारले. मोडक्या खुर्चीचा लोखंडी पाय आधी खांद्यावर बसला, मग जबड्यावर. हाड मोडल्याचा आवाज त्याला आतून ऐकू आला. तो खाली पडल्यावर सरांनी बुटाची टाच त्याच्या तोंडावर ठेवली आणि सावकाश भार दिला.

"आता बोल."

दोन दात फरशीवर आले. खाली टायरवाल्याचा हातोडा चालूच होता.

डॉक्टरांनी वरचे दात खालच्या दातांना तारेने बांधले. "महिनाभर बोलणं बंद."

"मुलाखत परवा आहे," ताई म्हणाली. "इतकी वर्षं दुसऱ्यांसाठी बडबडला, आणि स्वतःची पाळी आली तर मुका?"

शिलाई मशीन बाजूला सारून तिने त्याला टेबल मोकळे करून दिले. लॅपटॉपच्या पडद्यावर ज्या बाई आल्या, त्यांनीच पूर्वी त्याला पाच नावांनी निवडले होते. तारेतून फुटणारा घोगरा आवाज त्यांना ओळखू आला नाही. ओठातून रक्त झिरपे. ताई कॅमेऱ्याबाहेरून फडके पुढे करी. चौथ्या उत्तरात मात्र त्याच्या तोंडून सवयीचे वाक्य निसटले: "मुळात असं आहे बघा..."

बाईंचे पेन थांबले. "हे मी आधी ऐकलंय. पाच जणांकडून. तुमच्या मागे कोण बसलंय?"

त्याने लॅपटॉप उचलून खोलीभर फिरवला. भिंत, कापडाचे गठ्ठे, फडके धरलेली ताई. आणखी कोणी नव्हते.

"मग ते पाच जण?"

"तेही मीच," तो म्हणाला. "आज ओठही माझेच आहेत."

बाईंनी पेन पुन्हा कागदावर टेकवले. मुलाखतीची वेळ सरांनाही ठाऊक होती. जिन्यावर बूट वाजले, आणि दारावर लाथ बसली. ताईने कापड कापायची मोठी कात्री उचलली आणि ती दाराला पाठ लावून उभी राहिली.

"पुढचा प्रश्न विचारू?" बाईंनी विचारले.

दुसऱ्या लाथेने कडी निखळू लागली.

"इकडे बघू नकोस," ताई म्हणाली. "तू बोल."