पूजेला बसलो नाही

खंडेनवमीला आमच्या शेडमध्ये पूजेचं ताट कोणी धरायचं, हे कधी कोणाला विचारावं लागत नसे. ते मीच धरायचो. चाकणच्या त्या कंपनीत गाड्यांचे पत्र्याचे भाग ठोकून काढणाऱ्या प्रेस होत्या आणि आमच्या लाइनवर सगळ्यात जुना माणूस मी होतो. आदल्या दिवशी प्रेस धुऊन-पुसून काढायच्या, झेंडूचे हार घालायचे, आणि नवमीला सगळी शिफ्ट गोळा झाली की मी हळदकुंकू वाहायचं, आरती करायची, नारळ फोडायचा. पूजा मनापासून झाली की प्रेस वर्षभर कोणाचा हात मागत नाही, असं सगळेच मानायचे. मीही मानायचो.

ज्या वर्षाची ही गोष्ट आहे, त्या वर्षीच्या उन्हाळ्यात मी बाप्तिस्मा घेतला होता.

त्याची सुरुवात बायकोच्या आजारपणात झाली. तिला डेंगी झाला म्हणून दवाखान्यात ठेवलं होतं. तिथं दुपारी एक काका यायचे. देहूरोडच्या कारखान्यातून निवृत्त झालेले, हातात जेवणाचा डबा, खांद्याला कापडी पिशवी. ज्या पेशंटजवळ कोणी नाही, त्याच्याजवळ बसायचे, पेज भरवायचे. तिसऱ्या की चौथ्या दिवशी त्यांनी मला विचारलं, "तुम्ही जेवलात का?" पेशंटची चौकशी सगळे करतात. माझी तोवर कोणी केली नव्हती. त्यांच्या डब्यातली अर्धी भाकरी खात खात मी त्यांना जे सांगितलं, ते बायकोलाही कधी धड सांगितलं नव्हतं.

मी लातूरकडचा. शाळेत असताना वडील आम्हाला सोडून गेले आणि शेजारच्या तालुक्यात त्यांनी दुसरा संसार थाटला. एकदा बाजारात मी त्यांना पाहिलं. खांद्यावर दुसऱ्या बाईचं पोर होतं आणि ते त्याला फुगा घेऊन देत होते. मला ओळखलं की नाही कोण जाणे, गर्दीत वळून गेले. पुढं मी चिंचवडला आलो, मग तळवड्यात खोली घेतली, लग्न केलं, पण त्या माणसाशी माझं भांडण काही सुटलं नाही. प्रेसवर उभा असलो तरी डोक्यात भांडण, ताटावर बसलो तरी भांडण. ओठ हलायचे. बायको विचारायची, "अहो, कोणाशी बोलताय?"

काका ख्रिस्ती होते. त्यांच्या मागं मागं मी देहूरोडला उपासनेला जायला लागलो. एक छोटा हॉल, तमिळ लोकांची उपासना संपली की आमची मराठी सुरू व्हायची. त्यांची रोजची प्रार्थना देवाला पिता म्हणून हाक मारून सुरू होते. तो शब्द माझ्या तोंडून निघेना. सगळे म्हणायचे, मी गप्प राहायचो आणि पुढच्या ओळीपासून मिसळायचो. कित्येक महिने असंच चाललं. एका रविवारी काही खास घडलं नव्हतं, पाळकांचं, म्हणजे तिथल्या धर्मगुरूंचं, प्रवचनही जरा लांबलंच होतं, आणि प्रार्थना सुरू झाली तसा तो शब्द सगळ्यांबरोबर माझ्याही तोंडून निघून गेला. मी खाली बसलो आणि पोटातून रडलो. शेजारच्या माणसानं पाठीवर हात ठेवला.

त्या दिवसानंतर मी फार चांगला माणूस झालो असं नाही. पण डोक्यातलं ते भांडण थांबलं. इतक्या वर्षांनी आत शांत झालं, तर सुरुवातीला मला त्या शांततेचीच भीती वाटली. पाळक म्हणाले, यालाच नवा जन्म म्हणतात. मला तो शब्द मोठा वाटला. पण दुसरा शब्द माझ्याकडंही नव्हता.

पाळकांनी मला पाण्यात बुडवून बाप्तिस्मा दिला, त्या दिवशी बायको आली. टॉवेल आणि कोरडे कपडे घेऊन कडेला उभी राहिली. घरी आल्यावर म्हणाली, "मी तुम्हाला अडवणार नाही. पण मला यात ओढू नका. माझं देवघर आहे तिथंच राहील." ते तसंच राहिलं.

कंपनीत मी आधी सांगितलं ते फक्त माझ्या जोडीदाराला. एका प्रेसवर समोरासमोर काम करणाऱ्या दोघांना आमच्याकडं जोडीदार म्हणतात. तो चाकणच्या पुढच्या एका गावचा, घरची थोडी शेती, घरात म्हातारी आई, बायको. दसरा जवळ आला तसं मी त्याला कँटीनमध्ये म्हणालो, "या वर्षी ताट माझ्याच्यानं होणार नाही." आणि का, तेही सांगितलं.

त्यानं चहाचा घोट घेतला. "मंग ताट मी धरतो की. त्यात काय येवढं? तू नारळ फोड."

"नारळही नाही, भावा."

"बरं. पेढा तरी खातो का न्हाई?"

"त्याचं अजून ठरलं नाही."

तो इतका हसला की शेजारच्या टेबलावरची माणसं वळून बघायला लागली.

नवमीला शिफ्ट गोळा झाली. साहेबांनी नेहमीप्रमाणं मला पुढं बोलावलं आणि ताट माझ्या हातात दिलं. मला कोपऱ्यात जाऊन हळूच सांगता आलं असतं. पण मनात आलं, लपवायचंच होतं तर पाण्यात कशाला उतरलो? मी म्हणालो, "साहेब, मी आता ख्रिस्ताला मानतो. ही पूजा माझ्या हातून होणार नाही. बाकी काय काम सांगाल ते करतो." जोडीदार पुढं आला, माझ्या हातातून ताट घेतलं, म्हणाला, "दे, मी करतो," आणि त्यानं पूजा केली. आरतीही त्यानंच म्हटली, माझ्याहून चांगल्या आवाजात.

त्यानंतर थोडं बोलणं झालंच. "किती मिळाले, राव?" असं एकानं विचारलं. दुसऱ्यानं माझ्या डब्याकडं बघून विचारलं, "आता काय काय खातो?" मी ते सोसलं. सोसण्यासारखंच होतं.

दिवाळी होऊन आठ-दहा दिवस झाले असतील. दिवसपाळी होती. ठोकलेला भाग डायमध्ये, म्हणजे प्रेसच्या साच्यात, अडकला. जोडीदारानं पायडलवरून पाय काढला आणि चिमटा घालून तो ओढायला लागला. प्रेसनं आपणहून दुसरा ठोका मारला. मी समोर होतो. पळत जाऊन त्याचा हात वर धरला आणि फडकं गुंडाळून घट्ट दाबलं. तो ओरडला नाही. पांढऱ्याफटक तोंडानं एवढंच म्हणाला, "आईला सांगू नका."

उजव्या हाताची मधली दोन बोटं गेली.

मेंटेनन्सवाल्यांनी प्रेस खोलली तेव्हा आत तुटलेली स्प्रिंग निघाली. जुनी झाली होती, थकली होती, म्हणून ठोका दुहेरी पडला. त्यांनी ती सगळ्यांना दाखवली. पण शेडमधला एक जुना वेल्डर ती स्प्रिंग हातात फिरवत म्हणाला, "तुटली व्हय. पर ह्याच वर्षी का तुटली?" सगळे माझ्याकडं बघायला लागले. ज्याचा मान होता त्यानं पूजा केली नाही, आणि ज्यानं दुसऱ्याचं ताट उचललं त्याच्यावर ते आलं, असा त्यांचा हिशेब होता. मला राग यायला हवा होता. तो आला नाही, कारण माझ्याही मनाचा एक भाग तोच हिशेब करत होता. ज्या गोष्टी लहानपणापासून अंगात मुरल्यात, त्या पाण्यात एकदा बुडून निघत नाहीत, हे मला तेव्हा कळलं.

पोरं त्या प्रेसवर उभी राहायला घाबरू लागली. साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. माणूस वाईट नव्हता. म्हणाले, "शेडमध्ये शांती करायचं ठरलंय. गुरुजी येतील. तू बस पूजेला. तास-दीड तासाचं काम. सगळ्यांच्या मनातलं जाईल. मनात तू तुझ्या देवाचं नाव घे, कोण बघतंय?"

मी विचार करून सांगतो म्हणालो.

घरी बायकोला सांगितलं. ती भाजी निवडत होती. "तुमचा देव एवढा मोठा आहे म्हणता. एवढ्यानं रागावेल का तो?"

"रागावणार नाही."

"मग बसा की."

देहूरोडला जाऊन काकांना विचारलं. वाटलं होतं, ते ठामपणे काहीतरी सांगतील आणि मी सुटेन. ते म्हणाले, "मी बस म्हणणार नाही, बसू नको असंही म्हणणार नाही. दंड मला भरायचा नाही, तुला भरायचाय." त्यांनी प्रार्थना केली. मी तसाच जड पायानं परत आलो.

रविवारी दुपारी दार वाजलं. जोडीदाराची आई आणि बायको दारात उभ्या. म्हातारी उंबऱ्यावरच बसली. माझ्या बायकोनं पाणी आणलं ते तिनं घेतलं नाही. माझ्याकडं बघत म्हणाली, "बाबा, तुजा धरम तुला. मी तुला नावं ठेवाया आली न्हाई. येकडाव बस पूजेला. माज्या लेकाची उरल्याली बोटं तरी ऱ्हाऊ देत."

मी खाली तिच्यासमोर बसलो. म्हणालो, "आई, मी बसलो तर ते वरवरचं बसणं होईल. मनात विश्वास नसलेल्या माणसाच्या हातची पूजा तुम्हाला चालेल का?"

मला वाटलं होतं, या प्रश्नावर ती थांबेल. ती क्षणभरही थांबली नाही. "चालंल," म्हणाली. "मला समदं चालंल."

माझी बायको आत निघून गेली. जोडीदाराची बायको भिंतीकडं तोंड करून उभी होती. मी म्हातारीच्या पायाशी हात नेला तर तिनं पाय ओढून घेतले. मी म्हणालो, "मला ते जमणार नाही, आई. दुसरं काहीही सांगा." ती उठली, पदर सारखा केला आणि सुनेचा हात धरून पायऱ्या उतरून गेली. त्यांना बसथांब्यापर्यंत सोडायला मी मागं गेलो, तर ती थांबली आणि मी मागं वळेपर्यंत चाललीच नाही.

मी बसलो नाही. का, हे मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. त्या पाटावर मी बसलो असतो तो भीतीनं बसलो असतो, आणि भीतीतून तर मी नुकताच कुठं बाहेर आलो होतो. हे एक उत्तर. दुसरं असं, की मी हट्टी आहे, वडिलांवर गेलोय. या दोन्हींतलं खरं कोणतं, ते मला आजही सांगता येत नाही. दवाखान्यात परक्या माणसाला पेज भरवणाऱ्याचा देव मी धरला, आणि एका आईला दारातून रिकाम्या हातानं पाठवलं. हे दोन्ही मीच केलं.

शांती झाली. वेल्डर पूजेला बसला. मी शेडच्या बाहेर उभा राहून आतली घंटा ऐकली. पुढच्या आठवड्यात मला प्रेसवरून काढून माल गाडीत भरायच्या विभागात टाकलं. साहेब म्हणाले, तुझ्याच भल्यासाठी. तिथं जोडीदार नसतो, ज्याचं त्याचं काम असतं.

जोडीदार टाके निघेपर्यंत घरीच होता. मी भेटायला जायचो. तो बोलायचा, पण आधीसारखं नाही, आणि त्याची आई मी आलो की गोठ्याकडं जायची. थंडी पडली तशी त्यांची कांद्याची लागण आली. रोप वाफ्यात तयार होतं आणि मजूर मिळेनात, सगळी माणसं कंपन्यांत. मला ते त्याच्या बायकोच्या बोलण्यातून कळलं. पुढच्या रविवारी उपासना सकाळी आटपली तसा मी चाकणची गाडी धरली आणि पँट गुडघ्यापर्यंत दुमडून वाफ्यात उतरलो. कोणी बोलावलं नव्हतं, कोणी जा म्हणालं नाही. त्यानंतरच्या रविवारी परत गेलो. तिसऱ्या वेळी बायकोही आली, आपण होऊन.

एका दुपारी म्हातारी बांधावर उभी राहून बघत होती. म्हणाली, "दाट लावू नगा, कांदा पोसत न्हाई." मला म्हणाली की सगळ्यांना, कळलं नाही. मी रोपं जरा लांब लांब लावायला लागलो.

जोडीदार डाव्या हातानं रोपाच्या जुड्या आणून टाकत होता. माझ्याजवळ उकिडवा बसला आणि बाकीच्यांना ऐकू जाणार नाही असं म्हणाला, "हे तू फेडायला येतो का?"

"नाही."

"मंग?"

"माणसं कमी आहेत म्हणून."

त्यानं पट्टी बांधलेला हात गुडघ्यावर ठेवला. "तुझ्या देवाला येक विचार. ताट मी चांगल्या मनानं घेतलं हुतं. मंग माझीच का?"

"रोज विचारतो."

"काय म्हणतो?"

"अजून काही म्हणाला नाही."

तो हसला नाही, रागावलाही नाही. मग पलीकडच्या वाफ्यातून त्याच्या बायकोनं रोप मागितलं, तसा उठून जुडी घेऊन गेला.