नटांवरची पिवळी रेघ

केतकी रेस ट्रॅकवर गाडी चालवते आणि मी, तिची आई, कठड्याबाहेर चहाचा थर्मास घेऊन बसते. आत जाण्याआधी ती चाकांचे नट स्वतः आवळते. मग पाना मैत्रिणीच्या, सईच्या हातात देते आणि सई तेच नट पुन्हा तपासते. शेवटी प्रत्येक नटावरून चाकापर्यंत पिवळ्या रंगाची रेघ ओढायची. नट जरासा जरी फिरला तरी रेघ तुटलेली दिसते.

पहिल्यांदा मला सईचा रागच आला होता. आवळलेत म्हणाली ना ती! आमच्या घरी ‘गॅस बंद केलास का?’ असं कुणी दुसऱ्यांदा विचारलं, की कपाळाला आठ्या पडतात. विचारलं म्हणजे संशय घेतला, असंच आम्ही धरून चालतो.

आज गाडी परत आली, चाकं निवली आणि सई खाली वाकली. “केतकी, ही रेघ तुटलीय बघ.”

मी थर्मास खाली ठेवून उठलेच. केतकी मात्र खुलली. “बरं झालं, सापडला!” तिने नट आवळला, सईने तपासला, जुनी रेघ पुसून नवी ओढली. कुणाचाही चेहरा पडला नाही. एवढ्या वेगाशी खेळणाऱ्या या मुली एकमेकींना किती सहज विचारतात!

संध्याकाळी घरी जायला गाडीत बसले, तोच ह्यांचा फोन आला. “सीटचा पट्टा लावलास का?”

एरवी मी म्हटलं असतं, लहान आहे का मी? पट्टा लावलेलाच होता.

“थांबा हं,” मी म्हटलं, “ओढून बघते.”