फिलोमिना मॅडम आणि वीस अंकांची मूळ संख्या

भाईंदर पश्चिमेच्या आमच्या शाळेत गणित शिकवायला मी रुजू झालो, त्या दिवशी फिलोमिना मॅडमनी माझं नाव विचारण्याआधी आवडती संख्या विचारली. मी सात म्हणालो. सात सगळ्यांनाच आवडतो, जरा दमाची शोधून या, असं म्हणत त्यांनी चहाचा कप पुढे केला. त्या चहापासून सुरू झालेला स्नेह आज त्यांच्या पंच्याहत्तरीपर्यंत पोहोचला, याचा मला फार आनंद आहे.

मॅडम मूळच्या उत्तनच्या. आवाज खणखणीत, शिस्त करडी. पण मुलांचं गणित चुकलं की यांचा चेहरा खुलायचा. चूक झाली तरच शिकवायला मिळतं, असं त्या म्हणत. त्यांची स्वतःची लाडकी संख्या वीस अंकांची: १२३४५६७८९१०९८७६५४३२१. एकापासून दहापर्यंत मोजत जायचं आणि तसंच एकापर्यंत परत यायचं. पोरांच्या खेळातली वाटावी अशी, पण अस्सल मूळ संख्या; एक आणि ती स्वतः सोडून तिला कशानंही पूर्ण भाग जात नाही.

मॅडमचं मोठेपण मला उमगलं ते शाळेच्या गणित-प्रदर्शनात. नया नगरची शाहीन तेव्हा दहावीत होती. वडिलांचं काशीमीऱ्याला गॅरेज. दहावीनंतर मुलीचं शिक्षण थांबवायचं त्यांच्या मनात होतं. मॅडमच्या आग्रहाखातर ते प्रदर्शनाला आले होते. शाहीन हीच संख्या मांडणार होती. पण फलक रंगवणाऱ्या पेंटरनं मधले दहा गाळले, दोन्हीकडून सारखं दिसावं म्हणून! दिसायला सुबक, पण आता ती मूळ संख्या राहिली नव्हती. वडील समोर उभे आणि शाहीनच्या डोळ्यांत पाणी. मी फलक काढायला धावलो. मॅडमनी मला अडवलं आणि शाहीनला एवढंच सांगितलं, की मग हिला कशानं भाग जातो ते दाखव.

डोळे पुसत तिनं अंकांची बेरीज केली. नव्वद. म्हणजे नऊनं भाग जातो. मग खडूनं मध्ये दहा लिहिले. बेरीज एक्क्याण्णव झाली. आता नऊनंही भाग जाईना आणि तीननंही. वडिलांना गंमत वाटू लागली.

“पण या नंबरला कशानेच भाग जात नाही, हे तुला कसं मालूम?” त्यांनी विचारलं.

“ते नाही मालूम, अब्बा. मॅडमनी सांगितलं म्हणून बोलतेय. सिद्ध करायला मी अजून शिकलेच नाही.”

मला वाटलं, झालं, मुसळ केरात. मॅडम मात्र वडिलांकडे वळल्या.

“खरं बोलली. ते शिकायला तिला अजून बरीच वर्षं लागतील. द्याल ना?”

ते फलकाकडे बघत राहिले. मग म्हणाले, “गाडी खोलली की अर्धी सोडत नाय मी.”

शाहीन आज विद्यापीठात गणित शिकवते. त्या संख्येची सिद्धता स्वतः लिहून ती नुकतीच वडिलांसोबत उत्तनला गेली होती. मॅडमनी चष्मा लावून पानं वाचली, एका ओळीवर बोट ठेवलं, इथं असं का ते न्हाय सांगितलंस म्हणाल्या, आणि फार खूश झाल्या. शाहीन ती पायरी पुन्हा लिहितेय.

पंच्याहत्तरला भागणारे पुष्कळ, म्हणून मॅडमना हा वाढदिवस तितकासा पसंत नाही. हरकत नाही. त्यांची प्रकृती अशीच ठणठणीत राहो; आम्ही एकोणऐंशीला, त्र्याऐंशीला, एकोणनव्वदला, सत्त्याण्णवला येऊच, आणि एकशे एकाव्या वर्षी शाहीनच्या विद्यार्थ्यांच्या चुकाही मॅडमनीच काढाव्यात.