फंगताईचे डोळे

फंगताईला कुणी 'गप बस' म्हटलं की ती हमखास उभी राहायची. 'उभी राहा' म्हटलं असतं तर मांडी ठोकून बसली असती, असं तिचा नवराच सांगायचा. चीनमधल्या आमच्या झनहू गावच्या बाजारगल्लीतल्या भरतकामाच्या दुकानात माझी चौकट तिच्या चौकटीला लागून होती. त्यामुळे तिच्या जिभेचे अर्धे फटके मी ऐकले आणि उरलेले खाल्ले.

पण काम पाहावं तर तिचंच! रेशमाचा दोरा फोडून केसाहून बारीक तंतू काढायचा आणि त्याने मांजराचा डोळा भरायचा, तोही कापडाच्या दोन्ही बाजूंनी सारखा. तिच्या आईनेही जन्मभर हेच केलं होतं. पन्नाशीच्या आतच आईला सुईत दोरा ओवता येईना, पुढे ताटातला मासाही चाचपून खायची वेळ आली.

"आणि वर म्हणायची, आपल्या धंद्यात असंच असतं," फंगताई सांगायची. "असंच असतं म्हणे! मी नाही होऊ देणार."

म्हणून ती मधूनमधून सुई खोचून ठेवायची, ओल्या फडक्याने हात पुसायची आणि डोळे मिटायची. आधी नाकाच्या मुळाशी, डोळ्यांच्या कोपऱ्यात चिमटीने दाबायची. मग डोळ्यांखाली गालांवर. मग अंगठे कानशिलांवर टेकवून वाकवलेल्या तर्जनीने भुवईवरून आणि डोळ्याखालून हळूहळू घासायची. शेवटी मान मुठीत धरून रगडायची आणि चहाच्या पेल्याची वाफ डोळ्यांवर घ्यायची. यात विद्या कसली? आमच्याकडे शाळेची पायरी चढलेल्या प्रत्येकाने हा डोळ्यांचा व्यायाम केलेला आहे. भोंग्यातून आकडे यायचे आणि अख्खा वर्ग डोळे मिटून दाबत बसायचा. शाळा सुटली तशी बाकीच्यांची सवय सुटली. हिने सोडली नाही, आणि मान रगडणं त्यात स्वतःच्या मनाने जोडलं.

गल्लीत देशभरातले पर्यटक वाढले तेव्हा मालकिणीने दर्शनी भिंत पाडून काच बसवली. मालकीण म्हणजे ह्वेइचन, फंगताईच्याच वर्गातली. तिला काचेतून झुकलेल्या माना आणि शांत चेहरे दिसायला हवे होते. एका सकाळी तिने फर्मान काढलं, "लोकांसमोर डोळे चोळायचे नाहीत, माना दाबायच्या नाहीत. बायका रडतायत असं वाटतं. शिवाय तोंडाचं तेल रेशमाला लागतं."

"माझ्या कामावर एक डाग दाखव," फंगताई म्हणाली.

"डागाचं नाही गं. शोभत नाही ते."

"हां, आत्ता खरं बोललीस! मांजराचे डोळे शोभले पाहिजेत. माझे फुटले तरी चालतील."

"तुझ्या जिभेला हाड नाही, फंगयिंग. पुन्हा असं करताना दिसलीस तर तुझी चौकट मागच्या खोलीत जाईल."

मागच्या खोलीला खिडकी नव्हती. तिथे दिव्याखाली तंतू फोडत बसायचं म्हणजे आईच्याच वाटेने जायचं, तेही धावत. आम्ही सगळ्या खाली बघून टाके घालत राहिलो. मला ह्वेइचनचा राग आला होता आणि आमचा त्याहून जास्त आला होता.

मे महिन्याच्या सुट्ट्या लागल्या. दुकान पर्यटकांनी भरून गेलं, काचेबाहेरही माणसांच्या रांगा. भर गर्दीत फंगताईने सुई खोचली, हात पुसले, डोळे मिटले आणि नाकाच्या मुळाशी बोटं टेकवली.

"अरे अरे, ही बाई रडतेय का?" एका आजोबांनी विचारलं.

ह्वेइचन हसत पुढे आली. "छे हो, धूळ गेली असेल डोळ्यात."

"धूळ नाही, आजोबा," फंगताई डोळे न उघडता मोठ्याने म्हणाली. "सकाळपासून मांजराचा डोळा भरतेय, माझे दोन्ही शिणलेत. आता जरा त्यांची पाळी."

"फंगयिंग, ऊठ. आत्ताच्या आत्ता चौकट आत जाईल."

फंगताईने उत्तर म्हणून शाळेतल्या भोंग्यासारखे आकडे सुरू केले. "एक-दोन-तीन-चार, पाच-सहा-सात-आठ! दोन-दोन-तीन-चार…" शाळेत दुसरी फेरी अशी दोनानेच सुरू व्हायची.

हात आपोआप वर गेले, असं दुकानातल्या बाकीच्या बायका नंतर सांगत. मी तसं सांगणार नाही. मी ठरवून सुई खोचली आणि ठरवून डोळे मिटले. पण पर्यटकांचे हात मात्र खरंच आपोआप गेले. मी एक डोळा किलकिला करून पाहिलं, तर आजोबांनी काठी काखेत मारून नाक चिमटीत धरलं होतं. त्यांची सून, तिच्यामागच्या बायका, छत्री घेतलेला वाटाड्या, सगळे मिटल्या डोळ्यांनी आकडे म्हणत होते. दुकान नव्हतंच ते, चौथीचा वर्ग होता.

ह्वेइचनने फंगताईच्या चौकटीचं एक टोक उचललं. ती चौकट एकटीला हलत नाही, दोघी लागतात.

"धरा गं कुणीतरी!" ती ओरडली.

कुणी धरणार कसं? कुणाचे डोळे उघडे होते? मग तिने ते टोक सावकाश खाली ठेवलं.

आकडे संपले. फंगताईने डोळे उघडले, ह्वेइचनकडे पाहिलं आणि दुकानाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "डोळे झाले. आता मान."