होडीच्या कडेचा आठ

गळाला आमिष म्हणून लावलेला लाकडी मासा पाण्याबाहेर काढण्याआधी काका कमरेत वाकून खाली बघायचे आणि म्हणायचे, "घाई नको. मागे कोणी येतंय का बघ."

हेच वाक्य ते बस चालवतानाही म्हणायचे. जॉन्सनव्हिलहून वेलिंग्टन शहरात जाणाऱ्या बसवर ते ड्रायव्हर होते आणि मी रोजची प्रवासी. स्टॉप सोडताना आरशात बघत ते मराठीत पुटपुटायचे, त्यावरूनच आमची ओळख झाली. चढावरून धापा टाकत येणाऱ्यासाठी बस हमखास थांबायची. असा एखादा ड्रायव्हर तुम्हीही पाहिला असेल.

काका मूळचे अलिबागकडचे. तिथे वीसेक वर्षं एसटी चालवली, मग मुलगी इकडे स्थायिक झाली आणि तिच्यामागून काका-काकूही आले. इथे त्यांनी एक जुनी ॲल्युमिनियमची होडी घेतली. सुट्टीच्या दिवशी पोरिरुआच्या खाडीच्या बाजूने ती पाण्यात घालून गळाने किंगफिश मासे गरवायला जायचं, हा त्यांचा नेम. लाकडी मासे ते शेडमध्ये स्वतः तासायचे आणि काकूंच्या नेलपॉलिशने रंगवायचे. काकू बाटली शोधत घरभर फिरायच्या.

त्या वर्षी आई गेली आणि मी बाबांना सांगलीहून इकडे घेऊन आले. बाबांनी सगळी नोकरी सरकारी दवाखान्यात कंपाउंडर म्हणून केली होती. दिवसभर माणसांशी बोलणारा माणूस, पण इथे ते खिडकीपाशी बसून राहायचे. विचारलं तर 'हो' किंवा 'नको'. आईचं नाव तर घेतच नव्हते. परतीचं तिकीट कधीचं आहे, एवढंच रोज विचारायचे. तिकडे बंद घराशिवाय काही नव्हतं. एकदा बसमध्ये हे सांगताना मला रडू आलं. काकांनी धीर वगैरे दिला नाही. एवढंच विचारलं, "पोहता येतं त्यांना?"

"येतं. कृष्णेत शिकलेत."

"मग शनिवारी घेऊन ये."

पहिल्या दोन शनिवारी बाबा लाइफजॅकेट घालून पोत्यासारखे बसून राहिले. तिसऱ्या खेपेला काकांनी सरळ त्यांच्या हातात गळाची काठी दिली. लाकडाला जीव नसतो, तो आपल्या मनगटातून द्यायचा, असं काका सांगायचे. काठीला हिसका द्यायचा, दोर जरा सैल सोडायचा, पुन्हा हिसका. मग तो लाकडी मासा जखमी झाल्यासारखा डावी-उजवीकडे भरकटत येतो. खरा मासा त्याच्यामागून होडीपर्यंत येतो, पण लगेच तोंड घालत नाही, नुसता बघतो. नेमका तेव्हाच नवशिका माणूस गळ वर उचलतो. काकांचं म्हणणं, खरं काम तिथून पुढे. हातभर दोर ठेवायचा, काठीचं टोक पाण्यात बुडवायचं आणि होडीच्या कडेने मोठा आठ काढायचा. वळणं रुंद घ्यायची, पण थांबायचं नाही.

"इंग्रजी आठ हं," ते बाबांना म्हणाले. "मराठी काढलात तर मासा उघड्या बाजूने निघून जाईल."

बाबांच्या ओठाचा कोपरा हलला. मी तो पाहिला.

आणि दुसऱ्याच आठाच्या वळणावर खालून एक हिरवट-पिवळी पाठ वर आली. काठी धनुष्यासारखी वाकली. बाबांनी दोन्ही हातांनी ती धरून ठेवली. बराच वेळ ओढाताण झाल्यावर मासा होडीला लागला आणि काका जाळी घेऊन वाकले. तेवढ्यात माशाने उसळी मारली. लाकडी माशाला दोन ठिकाणी तीन-तीन काट्यांचे गळ होते. पुढचा माशाच्या जबड्यात होता, मागचा काकांच्या अंगठ्याच्या मुळाशी घुसला. आता मासा धडपडला की काकांचा हात ओढला जायचा. काकांचा चेहरा पांढराफटक पडला होता. त्या अंगठ्यावर त्यांचं स्टिअरिंग होतं.

मी फोन शोधू लागले. बाबा उठले, काठी माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "आधी हात, मग फोन. दोर सैल सोड."

इतक्या महिन्यांत मी त्यांचा हा आवाज ऐकला नव्हता. त्यांनी काकांचं मनगट गुडघ्याखाली दाबून धरलं, गळांच्या खोक्यातली कटर घेतली आणि घुसलेल्या गळाची दांडी कट्‌कन तोडली. काकांचा हात सुटला. तिकडे माशाने एक झटका देऊन लाकडी मासा थुंकला आणि स्वतः खोल निघून गेला. मग बाबांनी काट्याचं टोक कातडीतून पुढे ढकलून बाहेर काढलं, त्याची उलटी अणी कापली आणि उरलेला तुकडा आल्या वाटेने मागे ओढला. रुमाल बांधताना ते विचारत होते, "अंगठा वाकवा. आता सरळ करा. मुंग्या येतात का?"

"मुंग्या नाहीत," काका म्हणाले. "मासा केवढा होता हो?"

होडी किनाऱ्याला मी आणली, काका सांगतील तशी. क्लिनिकमधल्या डॉक्टरीणबाईंनी जखम धुतली, धनुर्वाताचं इंजेक्शन दिलं आणि शीर शाबूत आहे, आठवड्याभरात बस चालवता येईल, असं सांगितलं. फोन केल्यावर धावत आलेल्या काकू तेव्हा कुठे खुर्चीत टेकल्या. गळ कोणी काढला, असं बाईंनी विचारल्यावर काकांनी पट्टी बांधलेल्या हाताने बाबांकडे बोट केलं.

संध्याकाळी घरी आल्यावर बाबा बराच वेळ बेसिनपाशी हात धूत होते. मग पाठमोरेच म्हणाले, "सुमन असती तर या कपड्यांनी मला घरात घेतलं नसतं." आणि हसले. मी पाणी पिण्याचं निमित्त करून त्यांच्या शेजारी उभी राहिले. त्या रात्री ते आईबद्दल किती बोलले! माझ्या छातीवरचा धोंडा तिथे उतरला.

बाबांनी तिकीट पुढे ढकललं. पुढच्याच उन्हाळ्यात काकांची मुलगी कायमची राहायला ब्रिस्बेनला निघाली, आणि काका-काकूही.

विमानतळावर मी आणि बाबा त्यांना पोचवायला गेलो. निघताना काकांनी हात पुढे केला. बाबांनी तो हातात घेतला, पालथा केला, अंगठ्याच्या मुळाशी दाबून पाहिलं, अंगठा एकदा वाकवून पाहिला. दवाखान्यात पेशंटला सांगावं तसं म्हणाले, "छान आहे. जा आता."