बिल्ल्यावरची सिस्टर

जनील हॅच दार वाजवायची, ते कुणी उघडू नये अशा बेताने. लोकरीचा हातमोजा तसाच ठेवून दोनदा टकटक करायची, तीही अशी की आत रेडिओ लागलेला असला तर ऐकूच जाऊ नये. मग मनात पाचपर्यंत मोजायचं आणि पुढच्या दाराकडे वळायचं.

एकवीस वर्षांची ही मुलगी अमेरिकेतल्या आयडाहोची. घरी बटाट्याची शेती आणि साठ गाई. मॉर्मन चर्चच्या सेवेला, म्हणजे घरोघरी धर्मप्रचाराला, दीड वर्ष द्यायचं तिने आपणहून ठरवलं होतं; देश मात्र चर्चने ठरवला. पत्र फोडलं तेव्हा स्वयंपाकघरात सगळं घर गोळा झालं होतं आणि 'फिनलंड' वाचल्यावर धाकट्या भावाने नकाशा आणायला धूम ठोकली होती. त्याला आता दहा महिने होत आले होते, आणि शेवटचे चार या कायानी गावात.

साडेसहाला उठायचं. गुडघ्यांवर बसून प्रार्थना, ओटची लापशी, तासभर धर्मग्रंथ, तासभर फिनिश. या भाषेत एकेका नामाची पंधरा रूपं, आणि तिच्या तोंडी नेमकं सोळावंच यायचं. साडेनऊला बाहेर पडायचं. तेव्हा सूर्यही उठलेला नसायचा. पँट घालायची परवानगी नव्हती. लोकरीच्या दोन विजारींवर लांब स्कर्ट, आणि थंडी उणे सत्तावीस. मग इमारतींमागून इमारती. आधी वरचा मजला गाठायचा आणि दारं वाजवत खाली उतरायचं. लोक उद्धट नव्हते. "नको, धन्यवाद," म्हणायचे आणि दार इतक्या हळू लावायचे की रागावताही येऊ नये. सोमवारी कपडे धुवायचे, घरी पत्र लिहायचं. पत्रात सगळं छान असायचं.

जानेवारीत तिला नवी जोडीदार मिळाली, सिस्टर ग्विन. या कामात प्रत्येक मुलगी 'सिस्टर', आणि जोडीशिवाय पाऊल टाकायचं नसतं. ग्विनला देशात येऊन तीन आठवडे झाले होते आणि तिचा उत्साह ऊतू जात होता. जिन्यात ती भजनं गुणगुणायची. दहा दिवस तिने जनीलचं दार वाजवणं मुकाट्याने पाहिलं. अकराव्या दिवशी, दुसऱ्या मजल्यावर, तिला राहवलं नाही.

"सिस्टर हॅच, एक विचारू? रागावणार नाही ना?"

"विचार."

"तुम्ही दार वाजवता की गोंजारता?"

जनीलच्या कानापर्यंत लाली चढली. पण भांडायलाही अंगात जीव लागतो. "मग तू वाजव," ती म्हणाली.

ग्विनने मूठ वळली आणि पोलीस आल्यासारखी तीन वेळा आपटली. दार ताबडतोब उघडलं. जाड भिंगांचा चष्मा लावलेली, ऐंशीच्या पुढची एक म्हातारी काठी टेकून उभी होती. तिने वाकून जनीलच्या कोटावरचा काळा बिल्ला वाचला: 'सिस्टर हॅच'.

"उगवलात एकदाच्या! आठला येते म्हणाला होतात, आता अकरा वाजले. चला आत, दार लावा, सगळी ऊब पळाली."

"त्यांनी आत बोलावलं!" ग्विन कुजबुजली. तिला तेवढंच कळलं होतं. तिने पिशवीतून पुस्तक काढलंसुद्धा.

स्वयंपाकघरातल्या टेबलावर मलम, कात्री आणि पट्ट्यांच्या गुंडाळ्या ओळीने मांडून ठेवल्या होत्या. म्हातारी खुर्चीत बसली, मोजा काढून तिने डावा पाय स्टुलावर ठेवला. घोट्याच्या वर मळकी पट्टी होती. तेव्हा जनीलच्या डोक्यात प्रकाश पडला. फिनिशमध्येही नर्सला सिस्टरच म्हणतात.

तिथल्या तिथे सांगायला हवं होतं. पण खिडकीखालचा गरम नळ्यांचा हीटर तिच्या पोटऱ्यांना शेकत होता. ती नळाशी गेली आणि ऊन पाण्याखाली हात धुवत राहिली, बोटांना मुंग्या येईपर्यंत. मग गुडघ्यांवर बसून तिने पट्टी भिजवली, हलकेच सोडवली. घरी गाईंच्या जखमा तीच धुवायची. घाव रुपयाएवढा होता, ओलसर, कडेने लाल.

"आजी," ती शेवटी म्हणाली, "मी ती सिस्टर नाही."

"मग कुठली?"

"चर्चची. मॉर्मन. आम्ही देवाबद्दल सांगायला आलो होतो."

म्हातारीने चष्म्यावरून दोघींना नीट पाहून घेतलं. लेंपी कार्प्पिनेन तिचं नाव. नवऱ्यामागे एकटीच राहत होती. "हात धुतलेस ना?"

"धुतले."

"मग बांध. उघड्या पायाने का बसवून ठेवतेस?"

जनीलने मलम लावून पट्टी बांधली. लेंपीआजीने कॉफीचं भांडं पुढे सरकवलं.

"आम्हाला कॉफी चालत नाही, आजी."

"चहा?"

"तोही नाही."

"अगं बाई! एवढ्या थंडीत पाठवलं आणि कॉफीही तोडली? तुमचा देव कायानीला कधी आलेला दिसत नाही." तिने ब्लॅककरंट नावाच्या आंबट फळांचं सरबत गरम करून दोघींना दिलं. "आणि ऐका पोरींनो, माझ्यापाशी पुस्तक उघडू नका. नवऱ्याशेजारची जागा दफनभूमीत राखून ठेवलीय, दगडावर माझं नावही कोरून झालंय. आता चर्च बदललं तर तो तिकडे एकटा पडेल."

ग्विनला यातलं निम्मं कळलं नाही. जनील तिला सांगणार होती, पण कप हातात धरल्या धरल्या तिचे डोळे मिटले. बसल्या जागी, कोट अंगावर, तिला झोप लागली. ग्विन दचकून तिला हलवायला उठली, तशी आजीने काठी आडवी घातली.

"झोपू दे तिला. तू इकडे ये, हात पुढे कर."

पाऊण तास ग्विन दोन्ही हात पसरून बसली आणि आजी तिच्या हातांवरच्या लडीतून लोकरीचा गुंडा गुंडाळत राहिली. मग खरी नर्स आली. रस्त्यावरच्या बर्फात तिची गाडी अडकली होती. तिने पाय पाहिला.

"ही कुणी बांधली? गाईचा पाय आहे का हा? केवढी घट्ट!"

जनील जागी झाली ती या बोलण्याने. लाजेने ती चटकन उठून उभी राहिली. नर्सने सगळं सोडून पुन्हा बांधलं. "मदत करायची तर दूध आणून द्या, बर्फ काढा. पायाला हात लावू नका," तिने बजावलं.

त्यानंतर दर गुरुवारी दोघी तिथे जाऊ लागल्या. दूध आणायच्या, राय नावाच्या धान्याचा काळा पाव आणायच्या, खालच्या पायऱ्यांवरचा बर्फ फावड्याने ओढायच्या. आजी ग्विनची फिनिश सुधारायची आणि जनीलला खुर्चीत बसवायची. रविवारी त्यांच्या गटाचा प्रमुख, वीस वर्षांचा एक मुलगा, फोनवर हिशेब घ्यायचा.

"गुरुवारी किती धडे दिले?"

"एकही नाही."

"मग दोन तास कुठे होता तुम्ही?"

"एका आजींकडे."

"त्या ऐकायला तयार आहेत का?"

"नाही," जनील म्हणाली. "पण मी तिथे जाणार आहे." मग त्याने पुढचा प्रश्न विचारला. बहुधा तोही थकलेला असावा.

मार्चमध्ये जनीलची बदली झाली, दक्षिणेला लाहतीत. निरोप घ्यायला गेली तेव्हा लेंपीआजी उठली नाही. घाव अजून पुरता भरला नव्हता. तिने जनीलचा हात आपल्या दोन्ही हातांत धरला, बराच वेळ. "घरी कधी जाणार?"

"नोव्हेंबरात."

"आईला खरं लिहीत जा," आजी म्हणाली आणि हात सोडला.

स्टेशनवर ग्विन रडली, जनीलला रडू आलं नाही. गाडीत तिने वही काढली. 'आई, इथे मी फार थकते,' असं लिहिलं. पुढचं वाक्य काही सुचेना, तेव्हा वही मिटून खिडकीला डोकं टेकलं. लाहतीत नवी जोडीदार तिला न्यायला आली होती. दुसऱ्या दिवशी साडेनऊला दोघी बाहेर पडल्या. तिथे थंडी दहा अंशांनी कमी होती. जिने मात्र तेवढेच होते.