न मिटणारं झाकण

टेलिफोन खात्यातून निवृत्त झालेल्या काकांकडे जुने संगणक कपाटभर होते, पण जीव अडकला होता तो एका जाडजूड लॅपटॉपात. एकदा दुरुस्तीसाठी त्यांनी तो जेवणाच्या टेबलावर उघडला, तेव्हा बिजागरीशी तडा गेला. प्लास्टिक इतकं ठिसूळ, की झाकण मिटलं तर मोडणारच. तेव्हापासून तो तिथे उघडाच. वारा नको म्हणून खिडकी बंद, धक्का नको म्हणून खुर्च्या माळ्यावर. नवराबायको पलंगाच्या कडेला बसून, ताट मांडीवर घेऊन जेवायची. काका रोज मऊ ब्रशने धूळ झाडायचे आणि मशीन सुरू झालं की सुटकेचा नि:श्वास टाकायचे. सुटका मात्र कुणाचीच नव्हती.

लेकीने यंदाही राहायला बोलावलं. "याला कोणाच्या भरवशावर टाकू?" काकांनी ठरलेलं उत्तर दिलं, पण फोन ठेवल्यावर त्यांचं त्यांनाच ते असह्य झालं. "जाऊ दे खड्ड्यात," म्हणत त्यांनी झाकणाला हात घातला.

काकूंनी त्यांचं मनगट धरलं.

"राहू द्या. आता मोडलंत, तर इतकी वर्षं मी मांडीवर ताट घेऊन कशासाठी जेवले?"